मायक्रोसॉफ्ट अजून नवं काही करू शकते का?

प्रश्न थोडक्यात असा: मायक्रोसॉफ्टसारखी सव्वादोन लाख माणसांची कंपनी चपळ स्पर्धकांपुढे स्वतः काही नवं काढू शकते का, की आता विकत घेणं आणि नक्कल करणं एवढंच उरलंय? विचारणाऱ्याच्या हातात दोन ऑफर आहेत, एक अशाच मोठ्या कंपनीची आणि एक चाळीस माणसांच्या स्टार्टअपची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी २७ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली सतरा मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांत, बहुतेक पुण्यातच. डिजिटल कॅमेरा आधी काढूनही बुडालेल्या कोडॅकची गोष्ट सांगणार नाही, ती प्रत्येक मॅनेजमेंट ट्रेनिंगच्या तिसऱ्या स्लाइडवर असते. मायक्रोसॉफ्टचीच सांगते, कारण नवं सुचून मेलेलं आणि नवं सुचून जगलेलं असं दोन्ही त्या एकाच घरात बघायला मिळतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. करू शकते. सुचण्याची अडचण त्या कंपनीत कधीच नव्हती, मायक्रोसॉफ्ट रिसर्च १९९१ पासून आहे आणि तिथे एकाहून एक डोकी बसली आहेत. घोडं अडतं ते सहीपाशी. नवी वस्तू गिऱ्हाईकाच्या हातात पडायच्या आधी तिच्यावर कोणाकोणाची सही लागते, एवढं कळलं की तिचं पुढे काय होणार हे बऱ्यापैकी सांगता येतं. सही करणारा जुनी वस्तू विकून पोट भरत असेल तर तो ‘नाही’ म्हणणार नाही. तो ‘हो, पण’ म्हणेल.

क्लिअरटाइप घ्या. पडद्यावरची अक्षरं गुळगुळीत दिसावीत म्हणून केलेलं हे तंत्र १९९८ साली जाहीर झालं. एलसीडीच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या असतात. त्या वेगवेगळ्या उजळून अक्षराची कड एका ठिपक्यापेक्षाही बारीक कोरायची, अशी ती युक्ती. त्या गटाचे प्रमुख डिक ब्रास यांनी कंपनी सोडल्यावर २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की विंडोजवाल्यांनी ठरावीक रंगांत पडदा बिघडतो अशी तक्रार केली, एमएस ऑफिस (वर्ड, एक्सेल) या प्रॉडक्टच्या प्रमुखांना अक्षरं धूसर वाटली आणि डोकं दुखलं, आणि आणखी एका व्हाइस प्रेसिडेंटनी सांगितलं की पाठिंबा देतो, पण ते प्रोजेक्ट आणि त्यातली माणसं माझ्या हाताखाली द्या. २००१ च्या विंडोज एक्सपीत क्लिअरटाइप आलं, पण मुळात बंद ठेवलेलं. सेटिंगमध्ये जाऊन टिक करावी लागे. ते आपोआप चालू मिळालं थेट व्हिस्टात, २००७ साली.

ती टिक वाचली की मला माझी टिक आठवते. साधारण २००९-१० ची गोष्ट. मी ज्या कंपनीत होते (नाव घेत नाही) तिथे गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं एक सॉफ्टवेअर होतं, दर सर्व्हरला एक लायसन्स अशा हिशेबानं विकलं जाणारं. आम्ही नऊ जणांनी त्याची ब्राउझरवर चालणारी आवृत्ती केली. गोदामातला माणूस फॉर्कलिफ्टशेजारी उभा राहून साध्या टॅबलेटवर एंट्री करू शकत होता, धावत केबिनमध्ये जायची गरज नव्हती. डेमो झाला, टाळ्या पडल्या. मग जुन्या प्रॉडक्टच्या मॅनेजरनी एक्सेल उघडलं. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, ‘सध्याच्या लायसन्सवर परिणाम’, आणि पुढचा चौकोन लाल होता. ते अगदी सभ्य आवाजात म्हणाले, “मॅडम, काम सुंदर आहे. आमच्याच रिलीजबरोबर पाठवू या.” त्यांचा रिलीज चौदा महिन्यांनी होता. गेलं शेवटी, पण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, टिक न केलेलं. किती जणांनी वापरलं म्हणून मी सहा महिन्यांनी आकडा काढला. अकरा गिऱ्हाईकं. आमच्या नऊपैकी तिघं तोवर सोडून गेले होते.

त्या मॅनेजरना मी बरीच वर्षं व्हिलन समजत होते. आता नाही समजत. त्यांच्या डोक्यावर वर्षाचं टार्गेट होतं, त्यांच्या प्रॉडक्टवर तीनशे लोकांचे पगार निघत होते, आणि आमच्या नऊ जणांच्या खेळण्यातून पहिली दोन वर्षं तरी चहापाणीसुद्धा सुटणार नव्हतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात ते काही मूर्खपणातून आलेलं नाही. गाय खरंच दूध देत असते.

मायक्रोसॉफ्टमधली गाय म्हणजे विंडोज, आणि तिच्या शेजारी बांधलेलं ऑफिस. त्या कंपनीत २०१४ पर्यंत जे जे मेलं त्यातलं बरंचसं या दोघींच्या गोठ्यातून जाताना मेलं. कुरिअर नावाचा दोन पडद्यांचा, पुस्तकासारखा उघडणारा टॅबलेट तिथे शिजत होता. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड दुकानात आला आणि त्याच महिन्यात कुरिअर बंद झाल्याचं जाहीर झालं. उलट एक्सबॉक्स, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, जगला. त्याचीही फेब्रुवारी २००० मधली बैठक प्रसिद्ध आहे. यात विंडोज का नाही म्हणून बिल गेट्स भडकले होते, आणि प्लेस्टेशनवाली सोनी दिवाणखाना बळकावेल या भीतीनं शेवटी परवानगी मिळाली. गोठ्याबाहेर बांधायला मिळालं म्हणून ते वासरू वाढलं, असं माझं वाचन आहे.

फोनचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पटकन उरकते. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांना फुकट मिळत असताना मायक्रोसॉफ्ट विंडोज फोनसाठी लायसन्सचे पैसे मागत राहिली. ते फुकट करायला एप्रिल २०१४ उजाडला. त्याच महिन्यात नोकियाचा फोनचा धंदा ५.४४ अब्ज युरोला घेऊन झाला, आणि पुढच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले. घेतला त्यापेक्षा मोठा खड्डा.

आता खरा मुद्दा, ॲझ्युर, म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा, इंटरनेटवरून भाड्यानं मिळणारे सर्व्हर. हे उदाहरण मी जरा लांबवणार आहे, कारण लोक ‘सत्या नडेला सीईओ म्हणून आले आणि सगळं बदललं’ एवढ्यावर सोडून देतात.

ॲमेझॉननं २००६ मध्ये सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनं ॲझ्युरची घोषणा २००८ च्या ऑक्टोबरात केली आणि २०१० च्या फेब्रुवारीत ते विकायला काढलं. इंजिनिअर कच्चे नव्हते, विंडोज एनटी ज्यांनी लिहिलं ते डेव्ह कटलर त्यात होते. पण वस्तू कशी होती? ॲमेझॉन रिकामी खोली भाड्याने देत होती, आत काय मांडायचं ते तुमचं तुम्ही बघा. ॲझ्युरनं सांगितलं, आमच्या साच्यात ॲप्लिकेशन नव्यानं लिहून आणा, वेब रोल (लोकांना दिसणारा भाग) वेगळा, वर्कर रोल (मागे काम करणारा भाग) वेगळा, मग राहा. आणि नाव काय, तर विंडोज ॲझ्युर. त्या काळात निम्म्या स्टार्टअप लिनक्सवर, म्हणजे विंडोजला पर्याय असलेल्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर होत्या. लिनक्स म्हणजे कॅन्सर असं ज्यांनी २००१ मध्ये म्हटलं होतं ते स्टीव्ह बाल्मर अजून सीईओ होते. लिनक्सवाल्या गिऱ्हाईकाला दारात उभं करायला गोठ्याची परवानगी कशी मिळणार?

२०११ मध्ये नडेला सर्व्हर आणि टूल्स विभागाचे प्रमुख झाले. हा विभाग गरीब नव्हता, विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस विकून २०१३ च्या आर्थिक वर्षात त्यानं सुमारे २० अब्ज डॉलर मिळवले. लायसन्सच्या धंद्यात एकदा लिहिलेलं सॉफ्टवेअर पुन्हा विकायला खर्च जवळपास शून्य. क्लाउडमध्ये आधी जागा घ्या, सर्व्हर भरा, विजेचं बिल भरा, थंडावा ठेवा, आणि मग गिऱ्हाईक तासावारी पैसे देणार. सेल्समनच्या दृष्टीनं तर वेडेपणाच. आज हातात येणारं मोठं कमिशन सोडून महिन्याला चिल्लर गोळा करायची.

२०११ मध्येच कंपनीतल्या स्कॉट गथ्री यांना ॲझ्युरवर आणलं. त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. विभागातल्या वरिष्ठ मॅनेजरना आणि आर्किटेक्टना ऑफिसबाहेर एका हॉटेलात नेलं आणि सांगितलं, लॅपटॉप उघडा, ॲझ्युरवर एक साधं ॲप बनवा. भल्याभल्यांना खातं कसं उघडायचं तेच जमेना. काही सोयी चालेनात. ज्यांनी ती वस्तू बनवली त्यांची ही गत. नंतर तिथेच बसून काय दुरुस्त करायचं त्याचा आराखडा झाला. मी हे वाचल्यावर आमच्या टीममध्ये करून पाहिलं, फक्त हॉटेलाऐवजी कॅन्टीनमध्ये. आमच्या डायरेक्टरना आमचंच सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला पावणेदोन तास लागले आणि शेवटी त्यांनी आयटी सपोर्टला फोन केला. त्या दिवसानंतर इन्स्टॉलरसाठी माणसं मागायला मला एकही स्लाइड करावी लागली नाही.

जून २०१२ मध्ये ॲझ्युरवर रिकामी खोली मिळू लागली, आणि तिच्यात लिनक्स चालत होतं. २०१४ मध्ये नावातलं ‘विंडोज’ गेलं आणि मायक्रोसॉफ्ट ॲझ्युर झालं. मार्च २०१६ मध्ये एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर येणार असं जाहीर केलं. ही बातमी बाहेरच्यांना किरकोळ वाटेल. आमच्या डेटाबेसच्या माणसानं ती फ्लोअरवर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली होती, कारण विंडोज सर्व्हर विकायचं त्यांचं एक मोठं कारण एसक्यूएल सर्व्हर हेच होतं. ते कारण त्यांनी आपल्या हातानं काढून टाकलं. पुढे विक्रेत्यांचा इन्सेंटिव्हही बदलला, लायसन्स किती विकलं यापेक्षा गिऱ्हाईकानं क्लाउड किती वापरला याकडे वळवला. माझ्या मते संपूर्ण कहाणीत हे सगळ्यात कमी चमकदार आणि सगळ्यात महत्त्वाचं पाऊल. सेल्समनला पगार कशाचा मिळतो ते बदललं नाही तर सीईओची भाषणं इंट्रानेटवरच राहतात.

२०२५ च्या आर्थिक वर्षात ॲझ्युरनं ७५ अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. आपल्याकडेही सप्टेंबर २०१५ पासून त्यांची डेटा सेंटर चालू आहेत, मुंबई, चेन्नई आणि पुणे. यातल्या पुण्याला त्यांनी ‘सेंट्रल इंडिया’ नाव दिलंय. झिरो माइलच्या नागपूरकरांनी हे कसं खपवून घेतलं देव जाणे.

तेव्हा ॲझ्युर म्हणजे नवं काही काढणं की नक्कल? भाड्याच्या सर्व्हरची कल्पना ॲमेझॉनची, यात वाद नाही. पण अशा धंद्यात कल्पना एका ओळीची असते आणि तिच्याभोवतीची दहा वर्षांची मेहनत हीच वस्तू असते. शिवाय ‘आधी कोणी केलं’ ही कसोटी लावली तर आयफोनही नापास होईल.

निखळ नवं हवंच असेल तर व्हीएस कोड बघा, प्रोग्रॅम लिहायचा एडिटर. हे उदाहरण मला ॲझ्युरपेक्षाही बोलकं वाटतं. एरिक गामा, ज्यांनी आयबीएममध्ये असताना एक्लिप्स या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरवर मोठं काम केलं, ते २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि झुरिकमध्ये छोटा गट घेऊन ब्राउझरात चालणारा कोड एडिटर बनवू लागले. त्याला गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही. चार वर्षं रेटल्यावर त्यांनी तेच इंजिन डेस्कटॉपवर आणलं, मॅक आणि लिनक्ससकट, आणि एप्रिल २०१५ मध्ये फुकट वाटलं. लक्षात घ्या, प्रोग्रॅम लिहायचाच, त्याच कंपनीचा व्हिज्युअल स्टुडिओ तेव्हा महागड्या लायसन्सवर विकला जात होता आणि फक्त विंडोजवर चालायचा. म्हणजे गाईसमोरच फुकट दूध वाटायला बसले. २०१६ मध्ये त्यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल काढला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागायची. आता भाषेचं ज्ञान एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये राहतं आणि कोणताही एडिटर ठरलेल्या बोलीत त्याला विचारतो, या शब्दाची व्याख्या कुठे आहे? स्पर्धकांचे एडिटरसुद्धा आज हाच प्रोटोकॉल वापरतात. आमच्या फ्लोअरवर आता नव्या मुलाच्या मशीनवर व्हीएस कोड नसेल तर मला दचकायला होतं. रेडमंडच्या मुख्यालयापासून आठ हजार किलोमीटरवर बसलेला छोटा गट, चार वर्षं अपयश सहन करणारा वरिष्ठ, आणि ‘आमच्या लायसन्सचं काय’ या प्रश्नाला वरूनच दिलेलं उत्तर. यातलं एक जरी नसतं तरी ते सेटिंगच्या तिसऱ्या पानावर गेलं असतं.

मध्येच एक. नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्टॅक रँकिंग बंद केलं. म्हणजे आपला लाडका बेल कर्व्ह. हिंजवडीत राहून एप्रिलचं अप्रेजल भोगलेल्यांना समजावून सांगायला नको. टीममध्ये दहाच्या दहा जण चांगले असले तरी एकाला ‘खालचा’ ठरवायचंच. मग हुशार माणूस हुशार माणसांच्या टीममध्ये जाणं टाळतो, आणि ज्याचं फळ तीन वर्षांनी दिसेल अशा कामाला हात लावत नाही. ते काढलं म्हणून ॲझ्युर झालं असं मी म्हणणार नाही, ॲझ्युरचं वळण त्याआधीचं आहे. पण बेल कर्व्ह असलेल्या ठिकाणी नव्या प्रोजेक्टसाठी माणसं मागून बघा, म्हणजे कळेल.

आता उलटी बाजू. टीम्सला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चॅट आणि व्हिडिओ कॉलच्या ॲपला, मी नवं मानत नाही. चाळीस कोटींवर लोकांकडे ऑफिसचं सबस्क्रिप्शन आहे, त्याच गाठोड्यात चॅट बांधून दिलं. ऑफिसातल्या चॅटचंच ॲप विकणाऱ्या स्लॅकनं त्यावर २०२० मध्ये युरोपात तक्रार केली ती काही उगाच नव्हती. हा वितरणाचा विजय. आणि त्याच काळात घरातलं सोनं मातीमोल झालं त्याचं नाव स्काइप. २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरला घेतलेलं. आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी निम्म्या घरांतून तो बुडबुड्यांचा रिंगटोन ऐकू यायचा, न्यू जर्सीतली नातवंडं कोथरूडच्या आजीशी बोलायची, ‘स्काइपवर ये’ हे आजींचं मराठी झालं होतं. मग २०२० चा लॉकडाउन आला, सगळं जग व्हिडिओ कॉलवर गेलं, आणि आजी झूमवर गेल्या. कंपनीचं लक्ष तोवर टीम्सकडे होतं. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. इथे कुणा जुन्या गाईनं लाथ मारली नव्हती. नव्या लाडक्या वासरानं दुसऱ्याचा चारा खाल्ला.

आणि चॅटजीपीटीवाली ओपनएआय? २०१९ मध्ये एक अब्ज डॉलर गुंतवले, पुढे बरेच. डोकं बाहेरचं, यंत्रसामग्री ॲझ्युरची. याला मी उसना शहाणपणा म्हणते, पण उसनं कुणाकडून आणि कधी घ्यायचं हे कळायलाही शहाणपण लागतं. गूगलचं बघा ना. ज्या ट्रान्सफॉर्मर नावाच्या रचनेवर ही सगळी एआय उभी आहे तो पेपर २०१७ मध्ये गूगलच्याच आठ जणांनी लिहिला, आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आणलं दुसऱ्यानंच. शोधाच्या पानावरच्या जाहिराती हीच तिथली गाय. आग लागल्यावर मात्र गूगलनं एप्रिल २०२३ मध्ये ब्रेन आणि डीपमाइंड ही एआय संशोधनाची दोन भांडती घरं एक केली आणि तिथून जेमिनी या स्वतःच्या एआयपर्यंत आली. म्हणजे मोठ्या कंपनीला घाम फुटला की ती पळू शकते. घाम फुटायला सहसा उशीर होतो.

तर तुमच्या दोन ऑफर. मोठ्या कंपनीच्या शेवटच्या राउंडला मॅनेजर विचारेलच, काही प्रश्न आहेत का? ‘इनोव्हेशन कल्चर कसं आहे’ वगैरे विचारू नका, त्याचं उत्तर त्यांना पाठ असतं. विचारा, मी ज्या प्रॉडक्टवर येणार आहे त्यानं तुमच्या कोणत्या प्रॉडक्टचं गिऱ्हाईक कमी होणार आहे, आणि रिलीजची तारीख कोण ठरवतं? मी स्वतः दोनदा विचारलं आहे. एकदा समोरच्यानं हसून विषय बदलला. दुसऱ्यांदा समोरची बाई खुर्चीत पुढे सरकली आणि वीस मिनिटं शिव्या घातल्यासारखं बोलली, कोणाशी भांडतोय, कुठे अडलंय, काय सुटलंय. मी दुसरीकडे गेले.

आणि मायक्रोसॉफ्टमध्येच जात असाल तर कोपायलटच्या, म्हणजे ऑफिसमधल्या एआय मदतनिसाच्या, टीमला हाच प्रश्न जास्त लागू आहे. कोपायलट माणसामागे महिना तीस डॉलर या दरानं आला, म्हणजे जितकी माणसं तितक्या सीट्स, ऑफिससारखंच. आता समजा त्यांचा एजंट, म्हणजे आपणहून कामं उरकणारा एआय, खरंच इतका चांगला झाला की शंभर जणांच्या अकाउंट्स विभागात साठच माणसं पुरली. चाळीस सीट्स गेल्या, कोपायलटच्या आणि ऑफिसच्याही. तसा एजंट बनवायची बुद्धी आणि यंत्रं त्यांच्याकडे आहेत. त्याच्या रिलीजवर सही करणारा माणूस सीट्स मोजणाऱ्या विभागात बसतो की दुसरीकडे, तेवढं आत गेल्यावर बघा आणि मलाही कळवा.